सात नंबरच्या वाफ्यातलं गाणं

सकाळचे साडेसहाही वाजले नव्हते, तरी रांग पंपिंग स्टेशनच्या भिंतीला वळसा घालून पार रस्त्यावर आली होती. रांगेत बेकरीवाला होता, त्याची बायको होती, दवाखान्यातली सिस्टर होती, आणि दोन गृहस्थ तर असे होते की भोपळा वेलीला लागतो की झाडाला, हेही त्यांना छातीठोकपणे सांगता आलं नसतं. रांगेच्या तोंडाशी वस्तीच्या भाजीबागेतला सात नंबरचा वाफा होता. वाफ्याच्या मधोमध एक मोठं पितळी पातेलं मातीत उपडं पुरलेलं, त्याचं फक्त बूड वर दिसत होतं. ज्याची पाळी येई तो गुडघे टेकायचा, कान पातेल्याच्या बुडाला लावायचा आणि स्वतःचं बूड आभाळाकडे करून डोळे मिटायचा. मग अर्ध्या मिनिटाने चेहरा पालटून उठायचा.

"ऐकलंत?" मागचा माणूस अधीर होऊन विचारायचा.

"ऐकलं!"

"काय म्हणाली?"

"हूंऽऽऽ म्हणाली."

"बाप रे!"

पातेल्याच्या पलीकडे घडीच्या खुर्चीत, पोपटी अंगरखा घालून, नादबाबा बसले होते. पोट सुटलेलं, आवाज मात्र मधात बुडवून काढलेला.

"धरणी गाते आहे, मुलांनो," ते म्हणत होते. "सेकंदाला चारशे बत्तीस कंपनं! विज्ञानाला हे परवा कळलं, मला जन्मतःच ठाऊक होतं. झाडांना पाणी लागतं हा शाळेत शिकवलेला भ्रम. पाणी हे निमित्त! झाडं नाद पितात, नाद. बघा आजूबाजूला. नळाची पूजा करणाऱ्यांचे वाफे बघा, आणि नादाची उपासना करणाऱ्याचा बघा!"

लोक बघायचे, आणि बघण्यासारखं होतंही. ऐन उन्हाळ्यात बागेतले एकोणतीस वाफे भेगाळले होते, घेवड्याच्या वेली दोरीसारख्या लोंबत होत्या. सात नंबरात मात्र टोमॅटोंची झाडं छातीएवढी वाढलेली, काकड्या मनगटाएवढ्या जाड, आणि भोपळ्याच्या वेलीने शेजारच्या आठ नंबरात हातपाय पसरलेले. या झाडांना कोणी थेंबभर पाणी घालताना पाहिलं नव्हतं.

रांगेत बाराव्या जागी कानकाका उभे होते. उभे होते म्हणजे उभे केले गेले होते. काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला होता.

कानकाकांचं हे नाव त्यांच्या कामावरून पडलेलं. शहराच्या पाणीखात्यात त्यांनी बत्तीस वर्षं गळती शोधली. त्यांच्याकडे छातीएवढ्या उंचीची एक पोलादी सळई असे, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळईचं टोक रस्त्यावर टेकवायचं, वाटीला कान लावायचा, आणि जमिनीखालची पाइपलाइन कुठे फुटली आहे ते सांगायचं. काका सांगतील तिथे खोदायचं आणि तिथेच पाणी निघायचं, असा त्यांचा लौकिक. खात्यात त्यांना सगळे नुसतं 'कान' म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी खात्याने ती सळई त्यांनाच भेट दिली. हल्ली ती काकूंच्या बारा नंबरच्या वाफ्यात टोमॅटोच्या झाडाला आधार म्हणून रोवलेली होती.

आणि चार वर्षांपूर्वी याच माणसाला ऐकू येईनासं झालं. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आतला कान ठणठणीत आहे, मधली नाजूक हाडं आखडली आहेत, बाहेरचा आवाज आत पोचत नाही. परत या, उपाय करता येईल. काका परत गेलेच नाहीत. पाणीखात्याच्या कानाने कानात यंत्र घालून हिंडायचं, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. कोणी जवळ येऊन ओरडलं तर त्यांना कळे. एरवी माणसं नुसती ओठ हलवत. काका म्हणायचे, "माझं काही अडत नाही." त्यांचं अडत नव्हतं, हे खरंच. अडत होतं काकूंचं. आमटीत मीठ कमी आहे हे ओरडून सांगता येतं. पण आज उगाचच आईची आठवण झाली, हे कोण ओरडून सांगणार? काकूंनी हळूहळू लहानसहान गोष्टी सांगणं सोडून दिलं होतं.

म्हणूनच बाबांनी जेव्हा म्हटलं, "धरणीचं गाणं बहिऱ्यालासुद्धा ऐकू येतं, ताई," तेव्हा एरवी भाजीवाल्याच्या वजनकाट्यावरही विश्वास न ठेवणाऱ्या काकू विरघळल्या.

या बागेचीही एक हकीकत आहे. ही जागा शहराच्या मालकीची. पूर्वी इथे पाणीखात्याच्या कर्मचाऱ्यांची घरं होती. ती पाडली, आणि पुढची दहा वर्षं 'येथे कचरा टाकू नये' हा फलक गळ्यापर्यंत कचऱ्यात बुडून तिथे उभा होता. आजूबाजूच्या लोकांनी अर्ज करकरून ती मागून घेतली, ट्रकभर राडारोडा उपसला, तीस वाफे आखले. उद्यान खात्याने वर्षभराच्या बोलीवर परवानगी दिली. वर्ष संपताना खात्याच्या मॅडम येऊन वाफे मोजणार; निम्म्याहून जास्त वाफे जिवंत असतील तर जागा लोकांकडे राहणार, नाहीतर फाटकाला कुलूप. किंवा एखादं मंडळ सगळ्या वाफेवाल्यांच्या सह्या घेऊन पुढे आलं, तर जागा त्या मंडळाला.

ती मोजणी येत्या रविवारी होती. आणि नादबाबांचं 'धरणीनाद मंडळ' चार दिवसांपूर्वीच स्थापन झालं होतं.

बाबा मूळचे दारोदार चुंबकी पट्टे विकायचे. कंबरदुखीवर एक, केसगळतीवर एक, आणि परीक्षेत मार्क वाढावेत म्हणून कपाळाला बांधायचा एक. बागेत आले तेव्हा ते साधे सात नंबरवाले होते, अर्ध्या चड्डीत. दोन महिने त्यांच्या वाफ्यात गवतापलीकडे काही उगवलं नाही. मग एकदा त्यांनी कंबरेएवढा खड्डा खणला, भोवती ताडपत्री बांधली, आठवडाभर आत काहीतरी खुडबुड केली, आणि ताडपत्री सुटली तेव्हा आतून पोपटी अंगरखा बाहेर पडला.

त्याच सुमाराला बागेचा नळ आटू लागला. सकाळी तासभर येणारं पाणी सुतासारखं बारीक झालं. एक बादली भरायला पाव तास. बाबांनी याचाही अर्थ लावला. "जशी श्रद्धा, तसा नळ," ते म्हणाले. लोकांनी मग पाणी घालणंच सोडलं. पाटीवर खडूने लिहिलेल्या पाण्याच्या पाळ्या पुसल्या गेल्या आणि तिथे पातेल्याला कान लावायच्या पाळ्या लिहिल्या गेल्या.

काकांची पाळी आली.

"टेका गुडघे," काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या.

काका कुरकुरत वाकले. बत्तीस वर्षांची सवय, त्यांनी कानाचं भोक पातेल्याला लावलंच नाही. सळईची वाटी जशी कानामागच्या हाडावर दाबून धरायचे, तसं ते हाड त्यांनी पितळेवर टेकवलं.

आणि त्यांना ऐकू आलं.

चार वर्षं डोक्यात नुसता कापूस भरलेला, आणि त्यात एकदम तो आवाज. स्वच्छ, सलग, हूंऽऽऽ. काकांच्या अंगावर काटा आला. डोळे भरून आले. जुना मित्र गर्दीत अचानक भेटावा तसं त्यांना झालं. पण मित्र भेटला म्हणजे माणूस त्याला नावानेही ओळखतो. 'लोखंडी लाइन,' काकांच्या मनाने लगेच नोंद केली. 'तीन इंची. भोक सुपारीएवढं. दाब चांगला आहे.'

त्यांनी मान वर केली. काकू त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होत्या.

"ऐकू आलं?" काकूंचे ओठ हलले.

काकांनी मान डोलावली, आणि इथेच घोटाळा झाला.

"बहिऱ्याला ऐकू आलं!" बाबा खुर्चीतून ताडकन उठले. "बघा! डॉक्टरांनी हात टेकले, धरणीने हात दिला!" बेकरीवाल्याने टाळ्या पिटल्या. सिस्टर रडू लागली. मागच्या दोन गृहस्थांनी एकमेकांना मिठी मारली. काका हात हलवत, "अहो, गळती आहे! गळती!" असं सांगत होते, पण आनंदाने आरडाओरडा करणाऱ्या माणसांइतकं बहिरं कोणी नसतं. आयुष्यभर बुवाबाजीला नाकं मुरडणारे कानकाका त्या सकाळी बाबांच्या चमत्कारांतला पहिल्या नंबरचा नमुना झाले.

घरी आल्यावर काका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी शेंगा निवडत बसले. बराच वेळ गेला. सहज मागे वळून बघतात तर काकू दोन पावलांवर उभ्या, डोळे ओले.

"काय गं?"

"दहा वेळा हाक मारली मी तुम्हाला," काकू म्हणाल्या. आता ओरडून. "हळू आवाजात."

काकांच्या हातातली शेंग हातातच राहिली. 

"ते गाणं नाही गं. पाइप फुटलाय खाली."

"तुम्हाला ऐकू आलं की नाही?"

"आलं. पण हाडातून आलं. सळईतून यायचं तसं."

"बाबा म्हणाले, आज सुरुवात झाली. रविवारी मंडळाच्या कागदावर सही केली की पूर्ण ऐकू येईल."

"आणि तुझा वाफा?"

"चुलीत गेला वाफा!" काकू म्हणाल्या आणि तोंड फिरवून कणीक मळायला लागल्या. काकूंनी त्या वाफ्यातले दगड नखांनी वेचले होते, हे काकांनी पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बारा नंबरातून सळई उपटली, टोमॅटोला काठीचा आधार दिला, आणि त्या भागाच्या चावीवाल्याला गाठलं. चावीवाला म्हणजे पाणीखात्याचा, लांब दांड्याच्या लोखंडी चावीने रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा माणूस. हा पूर्वी काकांच्याच हाताखाली होता.

"काका, तिथे लाइनच नाही," तो ओरडून म्हणाला. "घरं पाडली तेव्हाच बंद झाली. नकाशावर फुली आहे."

"फुलीला काय विचारतोस? बेडकांना विचार."

बागेच्या मागच्या भिंतीपलीकडे जुनं गटार होतं. भर उन्हाळ्यात त्यात घोट्याएवढं पाणी वाहत होतं आणि दोन बेडूक मजेत बसले होते. चावीवाल्याने बेडकांकडे पाहिलं, मग काकांकडे. आणि तो चावी घेऊन आला.

काका सळई टेकत टेकत, वाटी कानामागच्या हाडावर दाबत, भिंतीकडेने निघाले. हूंऽऽऽ मोठा होत गेला, मग लहान. आवाजाच्या मागोमाग ते भिंतीबाहेरच्या एका राडारोड्याच्या ढिगाशी पोचले. ढीग उपसल्यावर खाली व्हॉल्व्हचा खड्डा निघाला. चावीवाल्याने चावी लावून उजवीकडे फिरवून पाहिली. घट्ट.

"बघा, बंदच आहे."

काका खड्ड्यात वाकले, व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा चिखल अंगठ्याने पुसला. मिटवायची दिशा दाखवणारा, लोखंडात कोरलेला एक बाण दिसला. तो डावीकडे होता.

काकांनी बाणावरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला.

शहरातले बहुतेक सगळे व्हॉल्व्ह उजवीकडे फिरवले की मिटतात. पण फार जुने, पहिल्या खेपेला बसवलेले थोडे उलट्या आट्यांचे आहेत. ते उजवीकडे फिरवले की उघडतात. अकरा वर्षांपूर्वी घरं पाडली तेव्हा चावीवाला रजेवर होता, आणि ही लाइन बंद करायला काकाच आले होते. त्यांनी चावी उजवीकडे फिरवली, घट्ट होईपर्यंत. मग सळई लावून ऐकलं. चिडीचूप. शांत लाइन म्हणजे बंद लाइन. नकाशावर फुली मारली, सही ठोकली, घरी गेले. वास्तविक लाइन सताड उघडी होती. पुढच्या टोकाला लोखंडी बूच बसवलेलं होतं, म्हणून ती शांत होती, इतकंच. दुसरा कोणी असता तर बूच सैल करून पाणी येतंय का ते पाहिलं असतं. पण ज्याच्या कानावर अख्खं खातं विश्वास ठेवतं, तो कशाला हात ओले करतो? ते बूच या वर्षी गंजून फुटलं.

"आत्ता मिटवून टाकू," चावीवाला काकांच्या कानाशी येऊन म्हणाला. "कोणाला कळणारही नाही."

हीच तर अडचण होती. गुपचूप मिटवलं तर पातेलं गप्प होईल, आणि बाबा म्हणतील, धरणी रुसली. हा बहिरा नास्तिक आला ना, म्हणून. लोक आणखी घट्ट चिकटतील. आणि ती फुली कोणाची, हे सांगायचं टळेल. काकांना हा दुसरा मुद्दा क्षणभर फार गोड वाटला, हे कबूल केलं पाहिजे.

शनिवारी दुपारी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. व्हॉल्व्ह, बाण, फुली, सही. काकू पोळपाटावर हात ठेवून ऐकत राहिल्या. 

"म्हणजे ऐकू येणार नाही तुम्हाला," त्या मोठ्याने म्हणाल्या.

"सही केल्याने तर नक्कीच नाही."

काकूंनी पदराने डोळे पुसले. मग नाकही पुसलं. आणि मग त्यांच्या तोंडावर एक अशी छटा आली की जी काकांनी लग्नाच्या पहिल्या वर्षात शेवटची पाहिली होती.

"उद्या पातेल्याला कान मी लावणार," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर कोणाचा विश्वास नाही. माझ्यावर बाबांचासुद्धा आहे."

रविवारी सकाळी बाग माणसांनी फुलली होती; भाज्यांनी फुलली नव्हती, एवढाच फरक. उद्यान खात्याच्या मॅडम, पायात बूट, काखेत जागेचा नकाशा आणि हातात वही, एकेक वाफा बघत पुढे सरकत होत्या. तीसपैकी अकरा जिवंत. बाबांच्या पुढ्यात मंडळाचा कागद आणि पेन तयार होतं.

"मॅडम," काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सही करायला माझी ना नाही. पण आमच्या ह्यांना गाणं ऐकू आलं, मला एकदा नीट ऐकायचंय. मी कान लावते. धरणी गायली की 'गाते' म्हणते, थांबली की 'थांबली' म्हणते. बाबा तर अंतर्ज्ञानी. त्यांनी कान न लावता खुर्चीतूनच सांगावं. दोघांचं जुळतं का ते तुम्ही लिहा."

बाबा हसले. "ताई, धरणी थांबत नाही. अखंड गाते."

"मग तर सोपंच आहे तुम्हाला!"

लोकांना गंमत वाटली. मॅडमना सकाळीच चावीवाल्याने बाजूला घेऊन चार शब्द सांगितले होते. त्या जाऊन भिंतीच्या पडक्या भागाशी उभ्या राहिल्या. भिंतीपलीकडे खड्ड्यात चावीवाला, आणि त्याच्याशेजारी कानकाका, मॅडमच्या हाताकडे डोळे लावून. मूठ म्हणजे मिटव, पंजा म्हणजे उघड. कधी काय करायचं ते मॅडमच्या मनावर. ना काकूंना ठाऊक, ना बाबांना.

काकूंनी गुडघे टेकले, कान लावला.

"गाते," त्या म्हणाल्या.

"गाते," बाबा म्हणाले.

मॅडमनी मूठ वळली. चावी फिरली.

"थांबली!" काकू ओरडल्या.

"गाते आहे," बाबा डोळे मिटून म्हणाले. "ताईंचं मन भरकटलं."

बेकरीवाला पुढे झाला, त्याने कान लावला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "बाबा... काहीच नाही हो."

मॅडमनी पंजा दाखवला. "आली आली!" बेकरीवाला किंचाळला. पुन्हा मूठ. "गेली!" आता सिस्टरही कान लावून बसली. बाबांनी चाल बदलली, ते म्हणाले, "थांबली." पण तोवर मॅडमनी पंजा उघडला होता आणि पातेलं पुन्हा घुमत होतं. सात वेळा झालं. काकू सातही वेळा बरोबर, बाबा दोनदा, त्यातही एकदा चुकून.

"अविश्वासूंची सावली पडली," बाबांनी घाम पुसला. "धरणी लाजली."

"बागेतला नळ सोडा बरं जरा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी मूठ वळली.

बेकरीवाल्याच्या बायकोने नळ सोडला. आधी सुतासारखी धार. मग नळाने खोकल्यासारखा आवाज केला आणि एकदम असा लोंढा सुटला की बादली लवंडली आणि तिच्या साडीचा काठ भिजून गेला. दोन महिन्यांत असं पाणी कोणी पाहिलं नव्हतं. पंजा उघडला, पुन्हा सूत. मूठ, लोंढा.

बागेचा नळ आणि ही जुनी लाइन, दोन्ही एकाच मोठ्या पाइपावरची. धरणी गायची तेव्हा नळ आटायचा आणि धरणी गप्प बसली की नळ वाहायचा, हे सांगायला आता कोणा बाबाची गरज नव्हती. आपल्याच वाट्याच्या पाण्यापुढे आपण दोन महिने गुडघे टेकत होतो, हे एकेकाच्या चेहऱ्यावर उगवत गेलं.

बेकरीवाल्याने स्वतः कुदळ घेतली. त्याने सगळ्यात जास्त टाळ्या पिटल्या होत्या, म्हणून सगळ्यात जोरात खणलंही. पातेल्याखाली एक सळई निघाली. तिचं वरचं टोक पितळेला आणि खालचं थेट पाइपाला टेकवलेलं. तिच्यातून पाइपाचा आवाज वर चढायचा आणि पातेल्यात घुमायचा. पाइपाच्या फुटक्या बुचाभोवती सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि तिच्यातून निघालेली रबरी नळी ठिकठिकाणी भोकं पाडून अख्ख्या वाफ्याच्या मुळांखालून फिरवलेली. उरलेलं पाणी जुन्या गटारात, बेडकांच्या सेवेला.

"नाद पितात म्हणे झाडं!" सिस्टर म्हणाली.

पण नादबाबा कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "मॅडम, तुमचा नकाशा काढा!" तो गरजला. "ही लाइन बंद आहे की नाही?"

मॅडमनी नकाशा उलगडला. "हो... अकरा वर्षांपूर्वीच बंद दाखवली आहे. फुली आहे, सही आहे."

"मग बंद लाइनीत पाणी आणलं कोणी? सांगा! मी फक्त वाट करून दिली. आणलं तिने!" त्याने जमिनीकडे बोट दाखवलं.

गर्दीत कुजबुज झाली. मागच्या दोन गृहस्थांपैकी एक म्हणाला, "हेही खरंच की." दुसऱ्याचे हात जुळायलाही लागले होते.

काकांना शब्द ऐकू आले नव्हते. पण भिंतीच्या भगदाडातून त्यांनी नकाशा पाहिला, बाबाचं बोट पाहिलं, आणि काकूंचा चेहरा पाहिला. काकू त्यांच्याकडे बघत होत्या. काका राडारोडा ओलांडून आत आले.

"ती सही माझी आहे," ते म्हणाले. स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नसल्यामुळे ते फार मोठ्याने बोलले, आणि सगळ्या बागेला ते ऐकावंच लागलं. "पाणी कोणी आणलं नाही, मी सोडलं होतं. व्हॉल्व्ह उलट्या आट्यांचा होता, मी सुलटा समजून फिरवला. मिटवायचा तो उघडून ठेवला आणि बंद म्हणून लिहून दिलं. लाइन शांत होती, म्हणून मी ती बंद मानली. बूच उघडून हात ओला केला असता तर तेव्हाच कळलं असतं. नाही केला. मला वाटलं, माझा कान चुकत नाही."

 काका एकदा थांबले, ओठ ओले केले.

"तुम्हीही तेच केलंत. ऐकू आलं, म्हणून मानलं. ऐकू आलं यात खोटं काहीच नव्हतं, मलाही आलं. पण ऐकल्यावर कुदळ घ्यायची राहिली. हा मनुष्य तुम्हाला सांगत होता, कान लावा, पण खणू नका. जो खणू देत नाही, त्याच्या वाफ्यात आधी खणा. आणि माझं म्हणणंही नुसतं ऐकून मानू नका. व्हॉल्व्ह तिकडे आहे, त्याच्यावर बाण आहे. जाऊन बघा."

आणि लोक खरोखरच गेले. एकेक करून खड्ड्यात वाकले, बाणावर बोट फिरवून आले. परत येईपर्यंत घडीच्या खुर्चीची घडी झालेली होती आणि पोपटी अंगरखा फाटकाबाहेर पडत होता. काकूंनी त्याला हाक मारली. "अहो बाबा, तुमचं पातेलं राहिलं!" त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. ते पातेलं अजून बागेत आहे. बेकरीवाला त्यात रोपं भिजत ठेवतो.

मॅडमनी वही मिटली नाही. "अकरा म्हणजे अकराच," त्या म्हणाल्या. "पण खात्याच्या लाइनीची चूक निघाली, तर मुदत वाढवता येते. काका, तुम्ही जे बोललात ते लिहून द्यावं लागेल."

काकूंनी हे कानाशी ओरडून सांगितल्यावर काकांनी तिथेच, मंडळाच्या कागदाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दिलं. पुन्हा सही केली. मॅडमनी तो कागद वहीत ठेवला. "सहा आठवड्यांनी परत मोजीन," म्हणून त्या गेल्या. पाटीवरच्या कान लावायच्या पाळ्या सिस्टरने ओल्या फडक्याने पुसल्या आणि पाण्याच्या पाळ्या लिहायला घेतल्या.

ऊन चढेपर्यंत लोक बादल्या वाहत होते. काका बारा नंबरच्या कडेला सळई घेऊन बसले होते, जरा खांदे पाडूनच. काकूंनी ती सळई त्यांच्या हातातून घेतली, तिचं खालचं टोक पदराने स्वच्छ पुसलं आणि ते त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवलं. वरची लाकडी वाटी स्वतःच्या हनुवटीखाली दाबून धरली. आणि त्या बोलल्या. ओरडून नाही. घरात, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तसं.

"वांग्याला फूल आलंय. एकच. मला कालच दिसलं होतं, सांगायचं राहिलं."

काका हलले नाहीत. हलले तर सळई सुटेल, अशी त्यांना भीती वाटली.

"बुधवारी दहा वाजता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. हाड ऐकतंय म्हणजे आतला कान शाबूत आहे, तेच ते सांगत होते. यंत्र लावायला सांगतील तर लावायचं, चिरायला सांगतील तर चिरून घ्यायचं. रोज ही सळई घेऊन कोण हिंडणार तुमच्यामागे?" मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि सगळ्यांसमोर बोललात ते बरं केलंत. मला आवडलं."

काकांना पहिल्या खेपेलाच सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

"शेवटचं नीट कळलं नाही," ते म्हणाले. "परत सांग."